लासलगावातून दिसणारे जग कोणत्या विभागात शिकवायचे?

२०२३ च्या हिवाळ्यात नाशिक जिल्ह्याला लागोपाठ दोन तडाखे बसले. ८ डिसेंबरपासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लाल कांदा तेव्हा बाजारात येऊ लागला होता. भाव कोसळले, लिलाव बंद पडले, शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. तिकडे येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले होते. जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून युरोपला निघालेले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. जानेवारीत द्राक्षांचा निर्यात हंगाम उघडला तेव्हा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला होता आणि कंटेनरचे भाडे कितीतरी पटींनी चढले होते. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदारांना रॉटरडॅमला माल कधी पोहोचेल याचा अंदाज बांधण्यासाठी येमेनच्या बातम्या वाचाव्या लागल्या.

मी याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. त्या हिवाळ्यात मुलांचे प्रश्न साधे होते. बांगलादेशाला जाणारा कांदा बंद करून देशाला काय मिळाले? हूथी कोण, आणि त्यांच्या भांडणात आमची द्राक्षे का सापडली? या प्रश्नांची पुरी उत्तरे महाविद्यालयातल्या कोणत्याही एका विभागाकडे नव्हती. आमच्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात वास्तववाद, उदारमतवाद आणि संयुक्त राष्ट्रांची अंगे आहेत. अर्थशास्त्रात व्यवहारतोल आहे. वाणिज्य विभाग निर्यातीची कागदपत्रे शिकवतो, भूगोल सागरी मार्ग शिकवतो, आणि पश्चिम आशियाचा इतिहास कोणीच शिकवत नाही. सगळे तुकडे एकाच इमारतीत असतात, पण ते एकत्र आणण्याचे काम एकोणीस वर्षांच्या मुलावर सोडलेले असते.

माझे म्हणणे असे आहे की आंतरराष्ट्रीय घडामोडी हा पदवीलाच स्वतंत्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, असायला हवा, तो चार-पाच विद्याशाखांनी मिळून शिकवायला हवा, आणि तो मोठ्या शहरांतल्या महागड्या खासगी विद्यापीठांपुरता राहता कामा नये. लातूरच्या, नाशिकच्या, रत्नागिरीच्या, मडगावच्या मुलांना तो आपल्या गावात, सरकारमान्य शुल्कात घेता आला पाहिजे. देशाच्या बाहेरच्या व्यवहाराची सर्वांत मोठी किंमत याच भागांतली माणसे मोजतात. त्यांच्याच मुलांना तो व्यवहार समजून घेण्याची सोय नसणे हा माझ्या दृष्टीने अन्याय आहे.

कांद्याच्या निर्यातबंदीकडे जरा नीट पाहू. बंदी एकदम आली नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यात दर आला आणि डिसेंबरात दार पूर्ण बंद झाले. या तीन उपायांचा भावावर वेगवेगळा परिणाम होतो आणि तो का होतो हे अर्थशास्त्र सांगते. पण उन्हाळ कांदा चाळीत काही महिने थांबू शकतो आणि लाल कांदा थांबू शकत नाही, त्यामुळे डिसेंबरातली बंदी मे महिन्यातल्या बंदीपेक्षा शेतकऱ्याला फार जास्त लागते, हे शेतीशास्त्र जाणणाराच सांगेल. लोकसभेची निवडणूक तोंडावर असताना शहरातला ग्राहक आणि गावातला उत्पादक यांत सरकार कोणाकडे झुकते, हा राज्यशास्त्राचा भाग. मग कायदा येतो. १९४७ च्या गॅट या जागतिक व्यापार कराराचे अकरावे कलम निर्यातीवर सरसकट बंदी घालायला मनाई करते, मात्र खाद्यपदार्थांची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालते. त्या डिसेंबरात टंचाई गंभीर होती का, आणि ती ठरवायची कोणी? हा प्रश्न विधी महाविद्यालयात विचारला जाईल, पण तिथे लासलगावच्या कांदा बाजाराचे आवकेचे आकडे वाचायला कोणी शिकवत नाही.

आणि मग शेजारी. बांगलादेश हा भारतीय कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने निर्यात अचानक थांबवली, तेव्हा पुढच्याच महिन्यात दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी व्यापाऱ्यांसमोर हिंदीतून सांगितले की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितले आहे. सभागृह हसले. वर्षभराने, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा तसेच झाले. ट्रक सीमेवर अडकले आणि ढाक्याने आपली नाराजी लेखी कळवली. ज्या गिऱ्हाईकाला दर एक-दोन वर्षांनी असे अडवले जाते तो दुसरीकडे माल शोधतो आणि स्वतः पिकवायला लागतो. बांगलादेशाने दोन्ही केले. विदर्भातल्या संत्र्यांवर त्या देशाने २०१९ नंतर आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. त्यात कांद्याचा राग किती आणि महसुलाची गरज किती हे वेगळे काढणे अवघड आहे, पण वरूड-मोर्शीतल्या बागाईतदाराने दोन्हींची सांगड घातली तर त्याला दोष देता येत नाही.

बंदी चालू असतानाच, एप्रिल २०२४ मध्ये सरकारने बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी दिल्याचे जाहीर केले. म्हणजे बंद दारातली एक खिडकी मित्रदेशांसाठी उघडली गेली. देशाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जाणे हे चांगल्या परराष्ट्र धोरणाचे लक्षण आहे. पण इथेच तो प्रश्न उभा राहतो ज्यासाठी मला हा विषय पदवीला हवा आहे: परराष्ट्र धोरणाचा खर्च देशात कोणाच्या खात्यावर पडतो? फक्त अर्थशास्त्र शिकलेला मुलगा बंदीला चुकीचे धोरण म्हणेल आणि थांबेल. फक्त राज्यशास्त्र शिकलेला निवडणुकीकडे बोट दाखवेल. फक्त राजनयाची भाषा शिकलेला ‘शेजारी प्रथम’ म्हणेल. त्या खर्चाचा हिशेब मांडायला हे तिघे एका डोक्यात असावे लागतात.

हा विषय जन्मापासूनच असा मिश्र आहे. पहिल्या महायुद्धात एक पिढी कापली गेल्यावर १९१९ मध्ये वेल्समधल्या अॅबरिस्टविथ इथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातले पहिले अध्यासन स्थापन झाले. त्यावर नेमलेले पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न हे मुळात प्राचीन ग्रीसचे अभ्यासक. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात परराष्ट्र सेवेची शाळा निघाली. आपल्याकडे १९५५ मध्ये दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज उभी राहिली. तिच्या उभारणीत पुढाकार घेणारे पंडित हृदयनाथ कुंझरू हे गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. ही संस्था १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तिथे देश आणि प्रदेशांप्रमाणे केंद्रे झाली, उत्तम विद्वान तयार झाले, पण सगळे पदव्युत्तर पातळीवर. त्यामुळे हा विषय एम. ए.चा, दिल्लीचा आणि इंग्रजीचा अशी समजूत आपल्याकडे रुजली ती रुजलीच.

अर्थशास्त्रातले माझे एक सहकारी या कल्पनेच्या ठाम विरोधात आहेत. त्यांचा आक्षेप असा की आधी एक विद्याशाखा नीट आत्मसात होऊ द्या, जग मागाहून बघता येईल. पाच विषयांचे पाच घोट घेतलेल्या मुलाला एकाचीही पद्धत येत नाही. तो वर्तमानपत्रातल्या स्तंभासारखे बोलतो आणि आकड्यांचा तक्ता समोर ठेवला की गप्प होतो. हा आक्षेप मला फार खरा वाटतो. ‘ग्लोबल’ नाव लावून निघालेले अनेक अभ्यासक्रम या दोषाने पोकळ झाले आहेत. म्हणूनच मेजर कसा बांधायचा यावर सगळे अवलंबून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० क्रेडिट धरले आहेत आणि त्यांतले ८० मेजरचे. या ८० पैकी निम्मे एकाच पायाच्या विद्याशाखेचे असावेत. ती अर्थशास्त्र असेल, इतिहास असेल, राज्यशास्त्र असेल. पण विद्यार्थ्याने ती पहिल्या वर्षाअखेर निवडावी आणि तिची पद्धत शेवटपर्यंत शिकावी. उरलेल्या निम्म्यात संख्याशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा आणि जगाच्या एका प्रदेशाचा खोल अभ्यास यांतून सुटका नसावी. जॉर्जटाऊनच्या पदवीत आजही अर्थशास्त्र सक्तीचे आहे, एका परदेशी भाषेतली प्रवीणता सिद्ध करावी लागते आणि आधुनिक जगाचा नकाशा हा छोटासा अभ्यासक्रम प्रत्येकाला उत्तीर्ण व्हावाच लागतो. नकाशाची ती सक्ती मला विशेष आवडते. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी नकाशात कुठे आहे हे माहीत नसलेल्या माणसाने समुद्री सुरक्षेवर निबंध लिहू नये.

विद्याशाखा ओलांडणे म्हणजे उथळ होणे, ही भीती असलेल्यांनी बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे पाहावे. कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र अभ्यासले. प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला, जातिसंस्थेवरचा निबंध मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला, आणि पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्सी. मिळवतानाच ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. अर्थशास्त्राचा पाया पक्का होता म्हणून बाकीचे त्या पायावर उभे राहिले. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला तेव्हा त्यांनी सांगितलेल्या कारणांत परराष्ट्र धोरणही होते, याचा आपल्याकडे फारसा उल्लेखच होत नाही.

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून महाराष्ट्रात आंतरविद्याशाखीय हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे मेजरबाहेरच्या ऐच्छिक पेपरांची, टोपली. वेळापत्रकात जे बसते आणि ज्याला शिक्षक आहे ते त्या टोपलीत पडते. इतिहासाचा मुलगा दोन क्रेडिटचे आर्थिक साक्षरतेचे टिपण वाचतो, वाणिज्यची मुलगी पर्यटनाचे. दोघांच्या मेजरशी त्याचा संबंध जोडून देणारे कोणी नसते. याला मी आंतरविद्याशाखीय म्हणणार नाही. एक प्रश्न घेऊन त्यासाठी लागणाऱ्या विद्या शोधणे म्हणजे आंतरविद्याशाखीय अभ्यास. त्यात प्रश्न आधी येतो, पेपर नंतर.

आता भाषेकडे येते, कारण इथे आपण सर्वांत जास्त गमावतो आहोत. पुण्यात जर्मन आणि जपानी शिकणाऱ्या तरुणांची वाण नाही, आणि ते चांगलेच आहे. पण त्या भाषा नोकरीसाठी शिकल्या जातात आणि देशाच्या अभ्यासापासून तुटलेल्या राहतात. जपानी उत्तम बोलणाऱ्या मुलाने जपानचे राजकारण वाचलेले नसते, आणि जपानवर प्रबंध लिहिणाऱ्याला जपानी येत नसते. शेजाऱ्यांच्या भाषांची स्थिती त्याहून वाईट. सिंहली, बर्मी, पश्तो यांचे वर्ग आपल्या पदवी महाविद्यालयांत शोधूनही मिळायचे नाहीत. बंगालीसाठीसुद्धा मुलांना स्वतःच धडपडावे लागते, आणि बांगलादेशाशी आपला इतका व्यवहार आहे.

पोर्तुगीज भाषेचे उदाहरण घेते. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. त्या टंचाईत, जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तुरीच्या आयातीचा दीर्घ मुदतीचा करार केला. पहिल्या वर्षी एक लाख टन आणि पाच वर्षांत ते दुप्पट करायचे असे ठरले. मोझांबिकच्या लहान शेतकऱ्याला हक्काची बाजारपेठ मिळाली, भारताला आफ्रिकेत एक मित्र भक्कम झाला. त्याच पावसाळ्यात लातूर, उस्मानाबाद, यवतमाळमध्ये तूर भरघोस पिकली. २०१७ च्या वसंतात हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता, बाजारात तेवढाही मिळेना आणि खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, पण देशादेशांत झालेले करार त्यातून वगळले. वगळणे भागच होते. दिलेला शब्द मोडला तर पुढचा करार कोण करील?

या गोष्टीत दोन कोरडवाहू शेतकरी आहेत, एक मराठवाड्यातला आणि एक उत्तर मोझांबिकमधला. दोघेही तूर लावतात, दोघेही दिल्लीतल्या एका अधिसूचनेकडे डोळे लावून असतात. या दोघांवर एकत्र अभ्यास करायचा तर मोझांबिकची राजभाषा यायला हवी, आणि ती पोर्तुगीज आहे. ती भाषा शिकवणारा विद्यापीठीय विभाग आपल्या शेजारी, ताळगावच्या गोवा विद्यापीठात आहे. गोव्यातली कितीतरी कुटुंबे पोर्तुगीज काळात मोझांबिकला गेली; त्या देशाशी गोव्याचे नाते पिढ्यांचे आहे. तरीही लातूरचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि ताळगावचा पोर्तुगीज वर्ग यांची गाठ पडेल असा एकही अभ्यासक्रम आपण रचलेला नाही. आपल्या परंपरेत याचा दाखला आहे. गोव्याचे इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज भाषेवर प्रभुत्व मिळवले, गोव्याचे पुराभिलेखागार वर्षानुवर्षे सांभाळले आणि मराठ्यांच्या इतिहासाची एक पूर्ण बाजू त्या दप्तरांतून बाहेर काढली. भाषा शिकल्याशिवाय दुसऱ्याच्या कागदांत आपण कसे दिसतो हे कळत नाही. हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

हे सगळे होत नाही याचे कारण दृष्टीचा अभाव असे सांगितले जाते. माझ्या मते खरे कारण वर्कलोडच्या तक्त्यात आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचे अध्यापन दाखवावे लागते आणि ते त्याच्या विभागाच्या नावावर मोजले जाते. मी आणि अर्थशास्त्राचे सहकारी कांद्यावर एकाच तासाला एकत्र वर्ग घ्यायचा म्हटला तर तो तास कोणाच्या खात्यावर टाकायचा याचे उत्तर कोणत्याही नियमात नाही. दोघांनी अर्धा अर्धा घेतला तर दोघांचाही भार कमी भरतो, आणि भार कमी भरला की विभागातले पद जाण्याची भीती उभी राहते. त्यामुळे प्रत्येक विभाग आपले तास मुठीत घट्ट धरून बसतो. यात कोणाचा स्वार्थ नाही, नोकरी टिकवण्याची ओढ आहे. आणि मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर शिकवून घेण्याची पद्धत पडल्यामुळे, नवा अभ्यासक्रम रचण्याइतका वेळ आणि स्थैर्य असलेला तरुण शिक्षकच उरलेला नाही. असा तासिका तत्त्वावरचा (सीएचबी) प्राध्यापक सकाळी एका तालुक्यात आणि दुपारी दुसऱ्या तालुक्यात तास घेतो. त्याच्याकडून आंतरविद्याशाखीय संशोधनाची अपेक्षा करणे मला लाजिरवाणे वाटते. संयुक्त अध्यापनाचा पूर्ण तास दोन्ही शिक्षकांच्या भारात धरावा, एवढी एक ओळ शासन निर्णयात आली तर दहा परिसंवादांनी होणार नाही इतका फरक पडेल.

पालक विचारतात, याने पुढे काय? स्पर्धा परीक्षेला उपयोग होईल का? यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात आंतरराष्ट्रीय संबंध आहेतच, तेव्हा उपयोग होईल. पण परराष्ट्र सेवेत सगळे मिळून हजारच्या आसपास अधिकारी आहेत. त्या दारासाठी हजारो मुलांचा अभ्यासक्रम बेतणे ही फसवणूक ठरेल. खरी गरज जिल्ह्यातच आहे. २०१० मध्ये नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलींची वाढ आवरणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात माल नाकारला गेला आणि निर्यातदार हवालदिल झाले. औषध शेतात वर्षानुवर्षे वापरात होते. युरोपची मर्यादा काय आहे, ती कोण आणि कसे ठरवते, याची वेळेवर खबर ठेवणारे माणूस नव्हते. निर्यातदार संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, बंदरे, विमा, जहाजभाडे, परदेशी शिक्षणाचे सल्लागार, आखातात जाणाऱ्या कामगारांचे करार तपासणाऱ्या संस्था, मराठी वृत्तपत्रांची परराष्ट्र पाने, या सगळीकडे असे माणूस लागते. आजवर ते काम अंदाजाने आणि ओळखीने चालले आहे.

अध्यापन मराठीत व्हावे की इंग्रजीत, यावर वेळ घालवण्याची गरज मला वाटत नाही. वर्ग मराठीत चालावा, करार आणि अहवाल इंग्रजीत वाचावेत, तिसरी भाषा निवडलेल्या प्रदेशाची असावी. आमच्याकडची मुले हे पेलू शकतात. त्यांना कमी लेखणे आधी थांबले पाहिजे.

सुरुवात मोठी करण्याचे कारण नाही. स्वायत्त महाविद्यालयांना आपला अभ्यासक्रम रचण्याचा अधिकार आहे. नाशिकमध्ये एखाद्या महाविद्यालयाने दक्षिण आशिया आणि शेतमालाचा व्यापार घ्यावा आणि बंगाली शिकवावी. लातूरने पूर्व आफ्रिका घ्यावी आणि गोवा विद्यापीठाशी भाषेसाठी करार करावा. रत्नागिरीसमोर जैतापूर आहे: माडबनच्या पठारावर फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्यांची, एकूण ९,९०० मेगावॉटची योजना, त्याभोवती अणुअपघाताच्या नुकसानभरपाईच्या २०१० च्या कायद्यावरून झालेला वाद, २०११ च्या फुकुशिमा अणुअपघातानंतरची धास्ती आणि साखरीनाट्याच्या मच्छीमारांची समुद्रावरची हक्काची जागा. तिथे फ्रेंच शिकावी लागेल, कायदा वाचावा लागेल आणि भौतिकशास्त्राच्या विभागाचे दार ठोठवावे लागेल. चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. ते जिल्ह्याच्या अशाच एका प्रश्नावर खर्च व्हावेत, अहवाल मराठीत लिहिला जावा, आणि तोंडी परीक्षेला दोन प्राध्यापकांबरोबर बाजार समितीचा, मच्छीमार सोसायटीचा किंवा निर्यातदार संघाचा एक जाणता माणूस बसावा. त्याने विचारलेल्या प्रश्नांना गुण असावेत.